क्लचची जागा

लविनाने गिअरबॉक्सखालचा शेवटचा बोल्ट सैल केला आणि ट्रे पुढे सरकवला. तेल आधी थेंबाथेंबाने आलं, मग धार लागली. लाल असायला हवं होतं ते. काळं होतं, आणि त्याला करपलेल्या पावासारखा वास होता. तिने दोन बोटं धारेत धरली आणि अंगठ्यावर चोळली. बारीक कचकच लागली.

चाकांच्या पाटीवर उताणी पडूनच ती गाडीखालून बाहेर सरकली. गुडघ्याखाली पट्ट्यांनी आवळलेला डावा पाय तिच्यामागून फरफटत आला. गॅरेजच्या दारात तिचा बाप, बॅप्टिस्ट, खुर्ची टाकून बसला होता. वास त्याच्यापर्यंत पोचला होता.

"जळला?"

"जळला."

"तिसऱ्याच फेरीला."

"मला माहीत आहे, पपा. गाडीत मीच होते."

बॅप्टिस्टने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "आता तरी ऐक. जुना गिअरबॉक्स अजून माळ्यावर आहे. क्लच आहे. दोन दिवसांत परत बसवतो. डॅरिल चालवेल."

"आणि मी?"

"तू सांग ना त्याला कशी चालवायची ते. तुझ्याएवढं कोणाला कळतं?"

लविनाने ट्रे उचलला, मागच्या पिंपात रिकामा केला आणि हात घासलेटाने धुतले. बापाकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "याच्यापेक्षा मजबूत ऑटोमॅटिक मिळतो. तो आणणार आहे मी."

गॅरेज मरोळच्या गावठाणाला लागून होतं, आणि तिथे चाळीस वर्षं बॅप्टिस्टचा शब्द चालत आला होता. ही गाडी त्याने घरासाठी घेतलेली, मागच्या चाकांवर पळणारी वीस वर्षांपूर्वीची सेडान. तिचं इंजिन त्याने दोन वर्षं खपून नव्याने बांधलं, त्याला टर्बो जोडला, आणि किल्ली मुलाऐवजी मुलीच्या हातात दिली. तिचा भाऊ डॅरिल तेव्हा रुसला होता. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून तीन-चारदा शर्यती व्हायच्या, चारशे मीटर सरळ, घड्याळाशी स्पर्धा. लविना अकरा वर्षं तिथे पळाली. तिचा गिअर बदलतानाचा आवाज ऐकायला लोक कुंपणाशी यायचे. बॅप्टिस्ट त्यांच्यात उभा राहायचा आणि कोणाला सांगायचा नाही की ती आपली मुलगी आहे. त्यांना ते माहीतच असायचं.

चार वर्षांपूर्वी साकीनाक्याला एका टेंपोने मागे न बघता रिव्हर्स घेतला आणि लविना एका गाळ्याच्या शटरला चेपली गेली. हाडं जुळली. नस जुळली नाही. डाव्या पावलाला ती सांगायची ते पोचायचंच नाही. ते नुसतं लोंबायचं. आधी तिने क्लचसाठी हाताने ओढायची दांडी लावून बघितली. स्टिअरिंग, गिअर आणि दांडी, तीन कामं आणि दोन हात. गाडी धावपट्टीच्या कडेला रचलेल्या टायरांत शिरता शिरता राहिली. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिने बसवला. तो घरगुती कामाचा होता, शाळेत मुलं सोडायला, बाजारात जायला. बॅप्टिस्टच्या इंजिनाचा जोर त्याने दोन फेऱ्या सोसला. तिसऱ्या फेरीला गाडीखालून धूर आला आणि गाडी अर्ध्यात थांबली. कुंपणाशी उभ्या असलेल्यांनी मोबाइलवर ते सगळं टिपलं. कोणीतरी त्याखाली लिहिलं होतं, ताईंना आता रिक्षा घेऊन द्या.

तिने ते तीनदा वाचलं आणि मोबाइल उशीखाली ठेवला.

हवा तसा गिअरबॉक्स कुर्ल्याच्या भंगारात मिळाला. एका मोठ्या विदेशी गाडीचा होता, आठ गिअरचा. गाडीची पुढची बाजू उरली नव्हती, पण मागचं सगळं शाबूत होतं. अडचण एकच होती. या गिअरबॉक्सच्या तोंडाची भोकं आणि त्यांच्या इंजिनाच्या पाठीची भोकं जुळत नव्हती. दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट लागणार होती, एका बाजूने इंजिनाला बसेल आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सला. ती केसभर जरी सरकली तरी आतलं सगळं वाकडं फिरून स्वतःलाच खाणार.

इंजिनाची सगळी मापं बॅप्टिस्टच्या निळ्या वहीत होती.

"वही दे ना, पपा."

"कशाला?"

"प्लेट करायची आहे."

"मग मापं घे. व्हर्नियर कसा धरायचा ते शिकवलंय मी तुला." त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मी ते इंजिन हाताने गिअर टाकणाऱ्यासाठी बांधलं होतं. जो नुसता बसून राहतो त्याच्यासाठी नाही."

लविनाने दुसऱ्यांदा मागितलं नाही. तिने इंजिनाच्या पाठीवर खाकी कागद ताणून चिकटवला आणि हातोडीच्या गोल टोकाने हळूहळू ठोकत राहिली, जोपर्यंत प्रत्येक भोकाची कड कागदावर उमटली नाही. मग व्हर्नियर घेऊन एकेक अंतर चार-चारदा मोजलं. ते कागद घेऊन ती साकीनाक्याला हरेश्वरच्या गाळ्यात गेली. हरेश्वर वेसाव्याचा. तीस वर्षं होड्यांच्या पंख्यांचे शाफ्ट त्याने लेथवर घडवले होते, आणि समुद्रात मध्येच बंद पडलेली होडी कशी दिसते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो घाई करायचा नाही.

त्याने कागद उजेडात धरला. "बॅप्टिस्टला दाखवलंस?"

"नाही."

"दाखवणार आहेस?"

"नाही."

"बरं." त्याने कागद टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर चार नट ठेवले. "मग चुकलं तर दोघंच चुकू."

पहिली प्लेट चुकली. अर्धा मिलिमीटर. गिअरबॉक्स जॅकवर चढवून पुढे सरकवला तर एक खुंटी बसायची आणि दुसरी अडायची. हरेश्वरने प्लेट हातात फिरवली, काही न बोलता कोपऱ्यातल्या भंगारात टाकली आणि ॲल्युमिनियमचा नवा जाड तुकडा काढला. दुसरी प्लेट व्हायला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी लविना रिक्षाने जायची, लेथजवळच्या स्टुलावर बसायची आणि तो कापेल तसं मोजायची.

खरं भांडण मात्र प्लेटवरून झालं नाही. नवा गिअरबॉक्स जाड होता, आणि गाडीच्या तळाखाली, दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यात तो मावत नव्हता. तेवढा भाग कापून, वर उचलून नवा पत्रा जोडावा लागणार होता. एका शनिवारी सकाळी तिने सीट काढल्या, खडूने रेघ मारली आणि कटर लावला. ठिणग्या उडाल्या. दोन फूट पत्रा कापून झाला असेल, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बंद कर ते."

तिने कटर बंद केला. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला. बॅप्टिस्ट गाडीच्या उघड्या दाराशी उभा होता आणि कापलेल्या फटीतून खालची फरशी बघत होता.

"हिचा तळ कापतेस तू?"

"त्याशिवाय बसत नाही तो."

"मग नको बसवूस. वीस वर्षांत मी हिला एक ओरखडा पडू दिला नाही. आणि तू भोक पाडतेस. कशासाठी? चार पोरांनी काहीतरी लिहिलं म्हणून?"

"नाही."

"मग?"

लविना गाडीच्या तळावर बसली होती. तिने डावा पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला, जमिनीवर ठेवला. "मला चालवायची आहे, पपा. दुसरं काही नाही. बघायची नाही, शिकवायची नाही. चालवायची आहे."

"पाय गेला ते मान्य कर, बाय. जगात माणसं मान्य करतात."

"पाय गेला ते मी चार वर्षांपूर्वीच मान्य केलं. मान्य तू करत नाहीयेस."

बॅप्टिस्टने गाडीच्या दारावरचा हात काढला. तो वळला आणि गेला. तो गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत ती थांबली. मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कटर पुन्हा सुरू केला.

तो आठ दिवस गॅरेजमध्ये आला नाही. घरी एकाच टेबलावर जेवायचे. लविनाची आई, ज्युलिया, मधे बसून दोघांना वाढायची आणि दोघांशी वेगवेगळं बोलायची.

त्या आठ दिवसांत गिअरबॉक्स बसला. हरेश्वर दुपारी गाळा बंद करून मदतीला आला. गिअरबॉक्सच्या तोंडात जी मोठी गोल थाळी बसते, इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारी, ती नीट आत गेली नाही तर बोल्ट आवळताना आतला पंप फुटतो. लविनाने ती दोन्ही तळव्यांनी दाबत गोल फिरवली. एकदा टक झालं. फिरवत राहिली. दुसऱ्यांदा. हरेश्वर म्हणाला, बसली वाटतं. तिने मान हलवली आणि आणखी पाच मिनिटं फिरवली. तिसऱ्यांदा टक झालं आणि थाळी बोटभर आत गेली. मग तिने पट्टी लावून खोली मोजली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रेलर दाराशी लागला तेव्हा बॅप्टिस्ट तो ओढणाऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी आधीच येऊन बसला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. लविनाने आईकडे बघितलं. ज्युलियाने खांदे उडवले. "पहाटेच उठला. इस्त्री स्वतः केली. मला काही विचारू नको."

सबंध रस्ताभर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

धावपट्टीवर पोचल्यावर आयोजकांतला अल्पेश हसत पुढे आला. हातात कागद होते, गळ्यात शिट्टी. त्याने लविनाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"ताई, तुमच्यासाठी आम्ही खास फेरी ठेवलीय. जेवणानंतर. एकट्या पळा, घड्याळ नाही, टेन्शन नाही. मी माइकवर तुमची स्टोरी सांगतो, मग ट्रॉफी. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील बघा."

"मी फॉर्म कुठल्या गटाचा भरला होता?"

"टर्बोचा. खुला गट. पण तिथे एकोणीस गाड्या आहेत, आणि तुम्ही इतक्या वर्षांनी..."

"मग एकोणिसांत मी आहेच. घड्याळ लावायला सांगा."

"तसं नाही ताई, आम्ही मानानेच..."

"अल्पेश," ती हात सोडवून घेत म्हणाली, "मी हरले तर हरलेली लिहा. पण लिहा."

तो कागदांकडे बघत निघून गेला. तपासणीच्या रांगेच्या तोंडाशी शर्यती भरवणाऱ्या क्लबाची तपासनीस शर्मिष्ठा होती. तिने गाडीचे पट्टे, आग विझवायचं नळकांडं, टायर, सगळं सगळ्यांचं बघत होती तसंच बघितलं. लविनाच्या परवान्यावरचा डॉक्टरांचा शेरा वाचला, नोंद केली. मग खाली वाकून गाडीखाली टॉर्च मारला.

"गिअरबॉक्स बदललाय. मेकॅनिकची सही लागेल."

"मीच मेकॅनिक."

"चालवणारा आणि सही करणारा एक चालत नाही. सगळ्यांना तोच नियम आहे. क्लबाकडे तुमच्या गॅरेजचं आणखी कोणाचं नाव आहे?"

नाव एकच होतं, आणि ते तिच्यामागे चार पावलांवर पांढरा शर्ट घालून उभं होतं.

शर्मिष्ठाने फॉर्म त्याच्यापुढे धरला. बॅप्टिस्टने तो घेतला नाही.

"हे काम मी केलेलं नाही," तो म्हणाला. "न बघितलेल्या कामावर मी सही करत नाही."

"मग गाडी पळणार नाही," शर्मिष्ठा म्हणाली.

लविनाने बापाकडे बघितलं नाही. ती धावपट्टीच्या टोकाकडे बघत होती, तिथे पहिली गाडी रेषेवर येत होती. मागे डांबरावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. बॅप्टिस्ट खाली बसला होता. त्याने एक हात टेकला, मग कोपर, मग पांढऱ्या शर्टासकट आडवा झाला आणि गाडीखाली सरकला.

"टॉर्च," आतून आवाज आला.

तिने टॉर्च दिला.

"थाळी बसवताना किती आवाज आले?"

लविनाला क्षणभर कळलं नाही. मग ती म्हणाली, "तीन."

"दोनवर थांबली नाहीस?"

"हरेश्वर थांब म्हणत होता."

"तेलाचा पाइप सायलेन्सरला चिकटवलाय."

"कापड गुंडाळलंय. आणि बोटभर जागा आहे, हात घालून बघ."

तो हात घालत असावा. बराच वेळ नुसता पान्याचा टकटक आवाज येत राहिला, एकेका बोल्टवर.

"एक आखूड का आहे?"

"तिथे मागे स्टार्टर येतो. लांब घेतला तर घासतो."

"हं."

"तुला ऑटोमॅटिकचं कसं माहीत, पपा?"

"मस्कतला सहा वर्षं मी काय करत होतो असं वाटतं तुला?"

गॅरेज टाकण्याआधीच्या मस्कतच्या दिवसांबद्दल त्याने घरात कधी फार सांगितलं नव्हतं. शेखांच्या गाड्या दुरुस्त करायचो, एवढंच.

पान्याचा आवाज थांबला. तो बाहेर सरकला, उठून बसला, आणि बसूनच राहिला. पाठीवर तेलाचा मोठा डाग पडला होता. त्याने उजवा पाय दुमडला, हात टेकला, वर यायचा प्रयत्न केला. डावा गुडघा वळला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्याने डावी मांडी दोन्ही हातांनी धरली आणि पाय ओढून जवळ घेतला. लविना रोज सकाळी पलंगावर घ्यायची अगदी तसाच.

ती बघत राहिली. आज सकाळीही तो ड्रायव्हरशेजारी बसला होता, स्वतः चालवायला नाही. गेल्या वर्षभरात तो गाडी घेऊन कुठे गेलेला तिला आठवेना. ट्रॅफिक फार असतं, म्हणायचा. पार्किंग मिळत नाही. चर्चला चालत जातो, बरं असतं तब्येतीला.

"कधीपासून?" तिने हळू विचारलं.

"काय कधीपासून?"

तिने हात पुढे केला.

"हात नको," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याने तो घेतला. दोघांनी मिळून तोल सांभाळला, दोघांच्या उजव्या पायांवर. शर्मिष्ठा फॉर्मकडे बघत होती. बॅप्टिस्टने तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि सही केली, पूर्ण नावाची, आडनावाखाली रेघ ओढून.

लविना तीनदा पळाली. पहिल्या फेरीत तिने गाडी जपून सोडली. दुसऱ्या फेरीत गाडी रेषेवरून उसळली आणि तिची पाठ सीटमध्ये रुतली; गिअर तिच्या हाताविना एकामागोमाग पडत गेले, आणि तिला प्रथमच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सबंध पट्टी दिसली. तिसऱ्या फेरीला तिने मनात काही ठेवलं नाही. तेरा सेकंदांना काही शतांश कमी. पाय धड असताना तिची जी सर्वांत चांगली वेळ होती, तिच्यापेक्षा थोडी सरस. एकोणिसांत चौथी.

अल्पेश माइक घेऊन आलाच. "ताई, दोन शब्द. जिद्दीबद्दल."

लविनाने हेल्मेट काखेत घेतलं. "गिअरबॉक्स तिन्ही फेऱ्या टिकला," ती म्हणाली. "प्लेट साकीनाक्याच्या हरेश्वरने केलीय. ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी त्याला भेटा." आणि माइक परत दिला.

ऊन कलल्यावर गाड्या ट्रेलरवर चढू लागल्या. लविना रॅम्प खाली सोडत होती तेव्हा बॅप्टिस्ट जवळ आला. शर्टावरचा डाग वाळून तपकिरी झाला होता.

"किल्ली दे. मी चढवतो वर."

तिने किल्ली दिली. तो सीटवर बसला, मांडी हातांनी धरून डावा पाय आत घेतला. इंजिन सुरू केलं. त्याचं डावं पाऊल सवयीने वर उचललं गेलं, पुढे गेलं, क्लच शोधू लागलं. तिथे काही नव्हतं. ते क्षणभर हवेत राहिलं. मग त्याने ते मागे ओढून सीटखाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघता दार लावून घेतलं.

ट्रेलर डावीकडे होता. गाडी उजवीकडे वळली.

मोकळ्या पट्टीवर तो पहिली फेरी सावकाश गेला, बाजारात जावं तसा. टोकाला वळून परत आला आणि थांबला नाही. दुसऱ्या फेरीला टर्बोची शीळ ऐकू आली. शर्मिष्ठा फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरून लविनाशेजारी येऊन उभी राहिली.

"पट्टी बंद झालीय. कोण आहे तो?"

"मेकॅनिक," लविना म्हणाली. "तपासतोय."

शर्मिष्ठाने घड्याळात बघितलं. "पाच मिनिटं."

पाच मिनिटं झाली तशी लविना पट्टीच्या कडेला गेली आणि तिने हात वर केला. गाडी तिच्याकडे येत होती. काचेमागे त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, हनुवटी पुढे आली होती. त्याला ती दिसली असणार. तो तिच्या शेजारून सरळ निघून गेला. गिअर पडला, पाठोपाठ आणखी एक.

लविनाने हात खाली घेतला. मागून शर्मिष्ठाने हाक मारली. लविना वळली नाही.